अडीच

लेक चार्ल्स, लुईझियाना. ऑगस्ट. सकाळचे साडेनऊ
आणि हवा पिळायची राहून गेलेल्या टॉवेलसारखी.
ओडील एबेर दारातच सांगते,
"पाच टनाचं होतं, पाच टनाचंच बसव.
साडेपाचाचं मिळालं तर तेही चालेल, शेर."
शेर म्हणजे लाडके, त्यांच्या फ्रेंचमध्ये.
मी टेप काढते.
नाडी न बघता औषध देणाऱ्यांतली मी नाही.

पश्चिमेला तीन खिडक्या, एकेरी काचेच्या.
त्यांच्यावर सावली धरणारं पेकनचं झाड
मागच्या वादळात गेलं,
तिच्या बोलण्यात ते अजून उभं आहे.
माळ्यावर मी कोपरांवर सरपटते.
इन्सुलेशन चार बोटं. निदान वीतभर तरी हवं होतं.
एक डक्ट सांध्यातून निसटलेला,
किती उन्हाळे माळ्यालाच गार करत पडलेला,
कोण जाणे.
उंदरांची चंगळ.

मग माणसं. माणूस नुसता बसला तरी
जुन्या शंभराच्या बल्बाएवढा तापतो.
नियम असा, की झोपायच्या खोल्या मोजायच्या
आणि वर एक धरायचा.
मी तीन लिहिते.
ती खांद्यावरून कागदात डोकावते.
"बाकीचे दोन कोण?"

मी पुढच्या रकान्याकडे जाते.

सगळ्याची बेरीज होते अडीच टन.
"अडीच?"
जणू मी तिच्या गंबोत मीठ कमी आहे म्हटलं.

मी समजावते. मोठं मशीन धावत येतं,
सात मिनिटांत थर्मोस्टॅटला खूश करतं, झोपतं.
पुन्हा उठतं. पुन्हा सात मिनिटं.
आकडा बहात्तरवर येतो, पण हवेतलं पाणी हवेतच.
कॉइलला घाम फुटायला वेळ लागतो, बाई,
तो तिला कुणी देतच नाही.
तुमच्या चादरी रात्री दमट लागतात ना?
कपाटातल्या बुटांना बुरशी?
"माझ्या बुटांचा वास घेतलास तू?"
घेतला होता.

"पण टन कमी म्हणजे गारवा कमीच ना?"
टन हे मशीनचं वजन नाही, मी म्हणते.
एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना
जेवढी उष्णता गिळेल, तेवढा एक टन.

ती खुर्ची ओढून बसते.
"माझा बाप बर्फ विकायचा. तेलेस्फोर.
लाकडाच्या भुश्यात लाद्या, खांद्यावर गोणपाट, हातात चिमटा.
बायका खिडकीत पुठ्ठा लावायच्या.
चार बाजूंना चार आकडे,
पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर.
जो वरच्या बाजूला, तेवढ्या पौंडाचा तुकडा.
कोपऱ्यावरची लांद्रनो बाई रोज शंभरच लावायची,
गल्लीला दिसावं म्हणून.
पेटीत मावायचा नाही.
अर्धा पायरीवर वितळायचा, आम्ही पोरं चाटायचो."

इथे ती थांबते.
मी काही बोलत नाही. बोलायचं ते बोलून झालंय तिचं.

"अडीच टन म्हणजे शंभराचे किती तुकडे?"
पन्नास.
"रोज?"
रोज, चोवीस तास चाललं तर.
"पाठ मोडली असती बापाची."
आणि ती सही करते. आधी डक्ट दुरुस्त, मग माळा,
मग मशीन, या क्रमाने.
साडेपाचाचं नाव पुन्हा काढत नाही.

सप्टेंबरात तपासणीला गेले.
मशीन कुरकुर न करता, लांबलचक, हळू चाललं होतं,
दुपारच्या म्हशीसारखं.
मागच्या भिंतीशी नळीखाली पत्र्याची बादली,
टप. टप.
"काल संध्याकाळपर्यंत चार गॅलन," ती म्हणाली.
"हे सगळं माझ्या चादरीत होतं?"

निघताना ट्रकमधून वळून पाहिलं.
पश्चिमेच्या खिडकीत, नव्या पडद्यापुढे,
रस्त्याकडे तोंड करून पुठ्ठा.
चार बाजूंना चार आकडे, जाड पेनाने.
वरच्या बाजूला अडीच.