नळीतली हळद

गाईचं रक्त यंत्रात फिरवून थांबवलं
की वर राहणारं पाणी पिवळं असतं.
शेळीचं नितळ, म्हशीचं फिकं,
गाईचंच तेवढं असं:
गवतातला रंग चरबीच्या कणांवर बसून
तिच्या अंगभर हिंडत असतो.
टोंकच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं
मी हा रंग बघतो आहे,
त्याला नाव मात्र अजून सापडलेलं नाही.

सोमवारी केरीहून मोगरीची नळी आली.
श्वेतकपिला, तिसरं वेत, व्याली त्याला बारा दिवस.
डाव्या मागच्या सडाशी कास दगड झालेली,
ताप एकशे पाच.
मी नळी खिडकीशी धरली,
शेजारी कालच्या धडधाकट गाईची.
रंग उतरला होता.
यंत्राने छापलं ते एवढंच:
एचडीएल निम्म्यावर,
आणि हॅप्टोग्लोबिन, एरवी शोधूनही न मिळणारं,
रकान्याच्या बाहेर गेलेलं.

मी चोडणचा.
रोज फेरीबोटीने रायबंदरला उतरतो,
म्हणून मला हे असं दिसतं:
एकदा बेटावर गवताच्या गंजीला आग लागली
तेव्हा बोटी तशाच ये-जा करत होत्या,
पण मासळीच्या पाट्या काठावर,
शाळेची मुलं काठावर, मी काठावर,
आणि आत फक्त बंब.
रक्तातही तेच.
बोट जुनीच, पण तिचा नेहमीचा खलाशी, ए-वन,
उतरवलेला, आणि त्याच्या जागी
यकृताने घाईघाईने धाडलेला
सीरम अमायलॉइड,
ज्याला एरवी धक्क्यावर कोणी ओळखत नाही.
काही बोटींनी तर जंतूंचं विषच
आपल्या चरबीत गुंडाळून घेतलेलं.
हळद कोण वाहणार अशा वेळी?

"चोडणकर," डॉक्टर आर्मिंदा म्हणाल्या,
"रिपोर्टात बोटी नकोत."
मी आकडे लिहिले.

(गेल्या साली मला उंदरांचा ताप आला,
कोलेस्टेरॉल एकदम एकशे दहावर.
मी खूश. बायकोला कागद दाखवला,
बांगडे तळायला सांगितले.
डॉक्टर म्हणाला, अरे, हे पथ्याचं नव्हे,
आजाराचं आहे. बरा झालास की चढेल.
चढलंही.)

गुरुवारी भागी झोरे स्वतः आली,
दोन बस बदलून, चपलेला अजून गोठा.
मी कागद पुढे सरकवला.
"म्हाका खबर आसा," ती म्हणाली,
"कानांत बोट घालून पळयलें. हळद ना."
गाईच्या कानात आत एक तेलकट पिवळेपणा असतो,
तिची आई बघायची, आता ती बघते.
हे कुठल्या पुस्तकात आहे का, मला ठाऊक नाही.
चार दिवसांत कानाला कळतं का, तेही नाही.
मी तिला बोटींचं सांगितलं, डॉक्टर बाहेर होत्या.
तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,
"मागीर आतां तिच्या रगतांत कितें घालतलो?"
काही नाही. सुया चालू आहेत त्या चालू ठेवा.
हे फक्त कळण्यासाठी.
"फकत कळपाक?"
तिच्या पदराच्या गाठीत परतीचं भाडं होतं.
सुयांमुळे रोजचं दूध ओहोळात ओतत होती,
तेही मी विचारलं म्हणून सांगितलं.

दुसरी नळी पंधरा दिवसांनी यायची होती.
आली नाही.
मोगरी सुधारली म्हणून आली नसेल,
किंवा दुसऱ्या कारणाने.
फोन लावला, केरीच्या डोंगराआड तो लागत नाही.

काल संध्याकाळी शेवटच्या आधीच्या बोटीने उतरलो.
धक्क्यावरच्या तिंट्यावर कुणाची तरी तांबडी गाय
रवंथ करत उभी होती.
आजूबाजूला कोणी नव्हतं.
मी पिशवी खाली ठेवली
आणि तिच्या कानात बोट घातलं.
तिने मान झटकली, मला शेपटी मारली.
बोट दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिलं.
कळेना.
दिवाच पिवळा होता.