उभं राहण्याची जागा

मुहर्रकच्या दुकानात, फरशीवर,
मी दोन पिवळी पावलं चिकटवलीत.
इथं उभं राहायचं. चष्मा लागत नाही.
पडद्यातून मासा थेट नाकापर्यंत येतो.
वीतभर सरकलात की एकाचे दोन मासे,
कडा फाटलेले, ताप चढल्यासारखे.
मग गिऱ्हाइकाला दंडाला धरून
मी परत पावलांवर आणतो, एसीच्या झोताखाली.

युक्ती तशी साधी. काचेवर भिंगाच्या उभ्या पट्ट्या,
केसाएवढ्या. मागे द्रव स्फटिकांचे ठिपके
आपापल्या रांगेत उघडझाप करतात.
आठ चित्रं चिरून एकात एक विणलेली:
डाव्या डोळ्याला एक, उजव्याला शेजारचं.
आणि खोली? ती पडद्यात नसतेच.
ती कपाळामागे तयार होते, फुकट.

पट्टी बसवताना मात्र मी एक डोळा मिटतो.
रांग चुकली तर मासा आत खचतो,
पाठ पोटात जाते.

बुधवारी दुपारी खलफ आले, नातवाच्या मागोमाग.
सत्तरीपुढचे. पूर्वी गलबतं बांधायचे.
डावा डोळा पांढरा; वाकसाखालून उडालेली ढलपी, तरुणपणी.
नातू पावलांवर चढला, ओरडला, मासा धरायला गेला.
मी म्हणालो, या बाबा, तुम्हीही बघा.
मोडक्या हिंदीत म्हणाले, "सदीक, माझा एकच आहे."

काय बोलणार? रिमोट हातातच होता,
तरी तो शोधत राहिलो.

ते मात्र पावलांवर आले. आणि मान
जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे,
फळीचा बाक जोखावा तशी,
नांगरलेल्या गलबतात बसल्यासारखी.
पहिलं चित्र, दुसरं, तिसरं, पार आठवं,
आणि परत.
मासा वळला. त्याच्यामागून
पाणवेलीची एक काडी बाहेर आली,
जी तीन महिन्यांत मला दिसली नव्हती,
कारण मी कधी हललोच नव्हतो.

"शेपटीजवळ जोड कच्चा आहे," म्हणाले.
खरंच होता.

रात्री शटर ओढण्याआधी
दिवे घालवले, एक डोळा तळव्यानं झाकला,
आणि डोललो, कुणी बघत नाही असं बघून.
मग खाली बसून नखानं
पावलं सोलायला घेतली.
एक निघालं.
दुसऱ्याचा गोंद फरशीला धरून बसलाय.