अकरा मिलिमीटर

आधी लोक म्हणाले, तौनो प्यायला लागला.
सकाळी सहाला, न्याहारीआधी,
बेटाकडं जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्यावर
त्याची मोजणीगाडी गोल गोल फिरत राहिली
खुणेच्या एकाच काठीभोवती.
पोलिसानं नळीत फुंकायला लावलं. शून्य.
पुन्हा लावलं. शून्य.
मग लोक म्हणाले, वेड असेल,
त्याच्या मावशीलाही होतं.

मी त्याची बायको, इर्मेली.
एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चमचे मोजले,
मला मोजायची खोड.
भिंतीवरच्या कॅलेंडरात फुल्या मारत गेले.
फुली: घाम. फुली: मला आई म्हणाला.
फुली: स्वतःचे बूट हातात धरून, हे कुणाचे?
आणि प्रत्येक फुलीपुढं एक बारका चौकोन,
म्हणजे साखरेचा खडा,
त्याच्या दातांत मी कोंबलेला.
पंधरा मिनिटांत माणूस परत.
"काय गं, रडतेस कशाला?"

कुठंतरी पाणी मुरत होतं.

ओउलूच्या इस्पितळात त्याला उपाशी ठेवलं.
चोवीस तास. तीस तास.
चौतिसाव्या तासाला नर्सला म्हणाला,
रस्ता बंद करा, वारा फिरलाय.
रक्तातली साखर दोन पूर्णांक एक,
तरी इन्सुलिन वाहतंच आहे.
डॉक्टर रौतिओ म्हणाल्या, आत कुणीतरी आहे,
पान वाढायच्या आधीच पंगत उठवणारं.

सीटी झालं, काही नाही.
एमआरआय झालं, काही नाही.
यंत्रं बाहेरूनच बघत होती,
घराला वळसे घालत खिडक्यांतून डोकावणाऱ्या पाहुण्यासारखी.
"आता दारातून जाऊ," त्या म्हणाल्या.
दार म्हणजे तोंड.
नळीच्या टोकाला कॅमेरा, त्याला लागून
एक इवलंसं यंत्र, जे हाक मारतं
आणि परत आलेल्या हाकेचं चित्र काढतं.
जठराच्या मागच्या भिंतीला टेकून
स्वादुपिंड निजलेलं असतं.
काखेत कळसा, आणि आम्ही तीन वर्षं गाव हिंडलो.

तौनोला हे समजावून सांगावं लागलं नाही.
तोही पहारीनं बर्फ ठोकतो आणि ऐकतो;
आवाज बदलला की पाऊल मागं.
"पण ऐकतं कोण? तुम्ही की मशीन?"
"मशीन. मी फक्त संशय घेते."
हे उत्तर त्याला आवडलं.
मग झोपेचं औषध शिरेत गेलं
आणि मी बाहेर खुर्च्या मोजल्या. सतरा.
एक मोडकी.

शेपटाच्या टोकाशी, प्लीहेच्या जरा अलीकडं,
करड्या भुरभुरीत एक गोल,
शेजाऱ्यांहून काळसर, कडा स्वच्छ.
त्या थांबल्या. मागं आल्या, पुन्हा गेल्या.
रक्तवाहिनी नाही ना, रंग टाकून पाहिलं.
मग जठराच्या भिंतीतून बारीक सुई,
तीनदा.
हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त
दाराखालून उजेडाची पट्टी दिसत होती.

आठ दिवसांनी बोलावणं.
पेशींची केंद्रकं म्हणे अशी दिसतात
की कुणी मीठमिरी भुरभुरलीय वरून;
या जातीच्या गाठीची ती ओळख.
न्यूरोएंडोक्राइन. सावकाश वाढणारी. काढता येण्याजोगी.
मला भलत्या वेळी हसू फुटलं.
मी इतके दिवस साखरेचा डबा धरून बसलेले,
आणि आत मीठ नि मिरी.

तौनोनं चष्मा चढवून ते चित्र
खिडकीकडं धरलं.
"जाडी किती म्हणालात?"
"अकरा मिलिमीटर."
"अकरावर आम्ही कुत्रंसुद्धा सोडत नाही," तो म्हणाला,
आणि चित्राची नीट चौघडी करून
भत्त्याच्या पावत्यांत ठेवली.

उठताना माझा हात सवयीनं खिशात गेला.
खडा या वेळी डॉक्टरांच्या तळव्यावर ठेवला.
तोंडात साखर पडो म्हणतात, ते म्हणायचं होतं,
घसा आवळला, जमलं नाही.
खड्याला खिशातली लोकर चिकटलेली.
त्यांनी ती फुंकून उडवली
आणि खडा तोंडात टाकला.