लिंबूटिंबू

उजव्या हाताला अंगठा आहे आणि करंगळी.
मधली तीन जिनिंगच्या पट्ट्यानं नेली, मानवतला,
संक्रांतीच्या आदल्या पाळीत.
डाव्या हाताला सगळं आहे,
पण तो पहिल्यापासूनच डावा.

खेळात माझं नाव सरकी.
कापूस काढून घेतल्यावर उरतं ते.

रात्री साडेदहाला, भांडी आवरून, लेकरू झोपवून
फोन उशीला टेकवते आणि किल्ल्यात शिरते.
सातव्या दरवाज्यावर राक्षस आहे.
त्याच्या मिठीतून सुटायचं तर
एका सेकंदात आठ टिचक्या.
आठ.
माझ्या अंगठ्यानं पाच होतात,
थंडीत चार.

आमच्या टोळीचा नाईक लातूरचा, शार्दूल.
एकोणीस वर्षांचा. क्लासच्या होस्टेलवर
निकालाच्या बॅनरखाली खाट आहे त्याची,
तो माणसाला टक्क्यांवरून ओळखतो.
मी एकदाच विचारलं,
टिचक्यांऐवजी बटण नुसतं दाबून धरता यावं
अशी सोय मागूया का कंपनीला, सगळ्यांनी मिळून?
तो म्हणाला, ताई, मग जिंकण्याला अर्थ काय राहिला?
आम्ही रात्र-रात्र जागलो ते उगाच का?
कुणीतरी हसलं.
कुणीतरी लिंबाचं चित्र टाकलं.

टक्के माझ्याकडंही आहेत रे, शार्दूल.
परभणीच्या सिव्हिलला चार खेटे घातले तेव्हा मिळाले,
शिक्क्यासकट, फोटोसकट. बेचाळीस.
तिथं चाळीसला पास करतात.

अन्वरमामाची दहाही बोटं शाबूत आहेत.
त्याला वेळ नाही, एवढंच.
जिनिंगच्या गेटवर रात्रपाळी,
दोन फेऱ्यांच्या मधी वीस मिनिटं,
आणि फोन असा की तापला की पाण्याच्या माठाला लावून बसतो.
दिवाळीपासून तिसऱ्याच दरवाज्यावर आहे.
टोळीनं काढून टाकलं त्याला: सराव कमी.
मामा म्हणला, दरवाजा तर मी बी राखतो की बाई,
पण मी नाव विचारतो
आणि आत सोडतो.

ते लिंबू मात्र डोक्यातून जाईना.

आमच्या गल्लीत पकडापकडी रंगायची
चिंचेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत.
बारक्या रेणीला आम्ही लिंबूटिंबू केलं होतं.
तिनं पळायचं, ओरडायचं, धापा टाकायच्या,
शिवलं तरी ती बाद नाही,
तिच्यावर राज्य कधीच नाही.
आम्हाला वाटायचं, केवढे भले आपण.
एक दिवस ती गिरणीच्या पायरीवर बसली
आणि उठेचना.
काय झालं गं? पडलीस का?
नाकातलं फ्रॉकला पुसत म्हणाली,
माझ्यावर राज्य द्या.

मला तरी दुसरं काय पाहिजे होतं?
राक्षस बारीक करा म्हणले नव्हते मी.
त्याची गदा कापसाची करा म्हणले नव्हते.

फेब्रुवारीत खेळ नवा झाला.
नव्या तलवारी आल्या, नवे घोडे, त्याचाच गाजावाजा.
सेटिंगच्या चौथ्या पानावर, अगदी तळाला,
एक चौकोन आला होता गुपचूप:
दाबून धरा.
कुणी मागितला असेल? कुठल्या गावचं असेल ते,
किती बोटांचं?

मी चौकोनात खूण केली.
अंगठा ठेवला. धरला.
मिठी सुटली.

सुटले, आणि मागं वळायला उशीर केला,
गदा बसली. मेले.
परत गेले. ढाल घ्यायची विसरले. मेले.
डावीकडं उडी मारायची ती उजवीकडं मारली.
अकरा वेळा मेले त्या रात्री,
अकराही वेळा
चूक माझी होती.
बोटांची नव्हती.

टोळीत आता मागणी आहे
की चौकोनवाल्यांच्या नावापुढं काहीतरी खूण पाहिजे,
म्हणजे कळेल कोण खरं जिंकलं.
लावा. हिरवं लिंबू लावा, मला चालतंय.

गेटवर अन्वरमामाची शिट्टी वाजली, एकची फेरी.
म्हणजे आता वीस मिनिटं तो येणार.
मी सातव्यावरून खाली उतरले,
तिसऱ्या दरवाज्यापाशी थांबले त्याच्यासाठी.
थंडी होती. अंगठा काखेत धरून बसले.