निव्वळ वजन

महानंदा बिरादार दुपारी तीनला आली.
उदगीरच्या मोंढ्यात त्या वेळी हमालही पोत्यांवर आडवे झालेले असतात.
पिशवीतून डबा काढून तिनं काट्यावर ठेवला.
काका, तुम्ही जलमभर काटे दुरुस्त करूलालाव,
बघून सांगा, हे खरं हाय का खोटं.

मी आधी डबा उचलून काटा शून्यावर आणला. सवय.
वर्तमानपत्राचं पान अंथरलं, त्याचंही वजन वजा केलं,
मग पावडर ओतली.
लिहिलेली पाचशे ग्रॅम, भरली पाचशे दोन.
चिमूटभर जिभेवर ठेवली: सोयाबीन, साखर, वेलदोडा.
सोयाबीन आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ओळखू येतं.
किंमत चोवीसशे.
चोरी नाही, म्हणालो. महाग आहे.
महाग विकणं गुन्हा असता
तर निम्मा मोंढा आत असता.

ती हसली,
आणि ते हसू इतकं सुटल्यासारखं होतं
की माझ्या मनात पाल चुकचुकली.

घेतं कोण हा डबा?
मेंबर.
आणि मेंबर नसलेलं कोण घेतं?
ती जरा थांबली. नसलेले मेंबर होतात की, काका.

मग मी पावतीच्या पाठीमागं आकडे मांडले.
तू पाच, त्यांचे पाच-पाच, त्यांचेही पाच.
सातव्या पायरीला उदगीर संपलं,
दवाखान्यातली आजची बाळंही धरून.
आठवीला देगलूर, अहमदपूर, कर्नाटकातलं भालकी.
तिनं पावती नीट वाचली. बारावीला गणित होतं तिला.
पण आपण वरच्या पायरीवर हाव की, म्हणाली.
लातूरला हॉलमध्ये एक साहेब होते, ऐन मे महिन्यात कोट घालून.
त्यांनी विचारलं, नोकर राहायचं का मालक?
आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भिशीचे साडेअकरा हजार भरून झालेत,
हे तिनं टाळ्यांच्या नंतर सांगितलं.

मग वही निघाली. पहिलं काम हेच दिलंय, काका,
ओळखीची शंभर नावं.
पहिल्या पानावर अक्षर कसं शाळेतल्यासारखं.
नावासमोर एक रकाना: गरज.

फर्जानाबाजी, ब्लाउजवाली – पोराची फी.
ढगे सिस्टर – गुडघे.
शिवलीला, माहेरची – नवरा पितो.
कोमटी अण्णा – दुकान चालत नाही.

ज्या फर्जानाबाजीनं हिच्या बहिणीच्या लग्नात
रात्रभर जागून सात ब्लाउज शिवले आणि पैसे मागितले नाहीत,
तिची फी आता इथं, एक नंबरला.

पान उलटू नका म्हणायला तिचा हात पुढं आला.
तोवर मी उलटलं होतं.
सदतीस: काटेवाले काका.
मुलगा बोलत नाही. एकटे.

पन्नास वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासली,
आपलं असं कुणी मांडून ठेवलेलं पहिल्यांदा पाहिलं.
कानामागची पेन्सिल काढून दुरुस्ती केली:
बोलतो. दिवाळीला.

तुझं नाव कुणी लिहिलं होतं, महानंदा?
सुलोचनाताईनं.
तुझ्या नावासमोर काय होतं?

ती बघत राहिली.
फोन वाजला, 'वरच्या मॅडम' असं नाव आलं,
थांबला, परत वाजला.
तिनं तो पालथा घातला. बंद केला नाही.

खरं की खोटं ते मी सांगितलं नाही,
तिनंही परत विचारलं नाही.
पानाची पन्हळ करून आम्ही दोघांनी मिळून
पावडर डब्यात भरली, झाकण दाबून लावलं.
वही तिनं पदराखाली धरली,
उत्तरपत्रिका घरी नेताना पोरं धरतात तशी.

ती गेल्यावर काटा शून्यावर येईना.
दोन ग्रॅम दाखवत होता.
फडकं हातात होतं.
संध्याकाळी हमाल उठेपर्यंत मी पुसलं नाही.