नळाचा दिवस

तय्यबसरांनी वहीत गुरुवारपुढे
फुली मारलीय. म्हणजे पळायचं नाही.
तिसराच आठवडा माझा; नडगी ठसठसते,
तरी पाचला जाग येतेच.
खिडकीत बूट. टाचेला
मोती तलावाकाठची काळी माती.

तेवढ्यात गल्लीत ओरडा : नळ आले!
अकराव्या दिवशी, अख्ख्या जालन्याची झोपमोड.
मी उठेस्तोवर गुणवंत घागर घेऊन जिन्यात,
"बस की तू. फुली हाय ना आज?"

बसले. लाजच वाटली जरा.
त्यानं पिंप भरलं, पाणी चहासारखं गढूळ.
तुरटी फिरवली,
झाकण ठेवताना पोराला म्हणाला,
"आता हात घालू नको,
हलवलं की परत तसंच."

दुपारी नडगीवर तळवा ठेवून पडले.
आत काहीतरी
हळूहळू
खाली बसत होतं.