देण्याजोगं

रात्रीचे तीन. बाहेर उणे सव्वीस.
ओउलूपासून पूर्वेला दोन तासांवर आमचं गाव,
त्यात हा हॉल, हॉलमध्ये मी
आणि काळ्या पडद्यावर उघडझाप करणारा ठिपका.
मी आज्ञा टाइप करते, मधे दोन आडव्या रेघा,
की यंत्र आपल्या पोटातलं सांगायला लागतं:
पत्ता, नाव, स्थिती.
पत्ता, नाव, स्थिती.
बाजार उठल्यावर उरलेला माल
कुणी पुटपुटत मोजावा, तसं.

सतरा नंबरच्या खणात कार्डं आठ.
यादीत सात.

डोळे चोळते. जरा वेगळ्या शब्दांत विचारते:
आहेत किती?
आठ.
देता येतील किती?
सात.
ठीक. प्रश्न दोन होते, उत्तरंही दोन.

हा फरक मला कळला तेव्हा मी चौदा वर्षांची.
याच छपराखाली तेव्हा कागद व्हायचा.
गिरणी बंद पडली त्या वसंतात
गेटच्या आत, काचेमागे याद्या लागल्या.
रोलर विकायचे. क्रेन विकायची.
फोर्कलिफ्ट चार, दुसऱ्या गिरणीला.
आणि एक माणसांची:
अन्यत्र सामावून घेता येतील असे.
उर्हो केम्पाइनेन हे नाव तिच्यात नव्हतं.
वय चोपन्न, पाठ दुखरी,
ओल्या कागदाखेरीज हाताला दुसरी ओळख नाही.
वडील घरी आले, बूट काढले,
बटाटे सोलायला बसले.
पेन्शन सुरू होईपर्यंत अकरा वर्षं
ते होते.
नुसते होते.

तिसरं कार्ड कुणी धरून ठेवलंय ते शोधते.
पेंटी लोहिरांता.
तलावावरचा बर्फ कुठल्या दिवशी फुटेल
याचं गणित मांडणारा जुना माणूस,
जानेवारीत निवृत्त झाला, केक मीही खाल्ला.
काम सुरू होऊन दिवस एक्केचाळीस.
वापर शून्य टक्के.
गणित केव्हाच संपलंय, मूठ सोडायची राहून गेली.
उजाडल्यावर तो त्याच तलावावर असेल,
भोक पाडून, स्टुलावर बसून, गळ सोडून,
बर्फ फुटू नये म्हणत.

इकडे रांगेत काइसू नावाची पोर
रात्री साडेनऊपासून पहिल्या नंबरवर उभी.
दोन तास हवेत तिला. सकाळी सरांना दाखवायचंय काहीतरी.

एका ओळीचं काम आहे.
मी लगेच करत नाही. का, कोण जाणे.

एकदा वडील हॉल बघायला आले होते.
दारातच टोपी काढली.
रात्रपाळीला माणसं किती?
मी.
आणि?
मीच.
पुढे विचारलं नाही. खणांच्या मागे गेले,
जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे तळहात धरला,
रोलवर धरायचे तसा, ओल राहिली का बघायला.
सुकलाय, म्हणाले.
आणि स्वतःच हसले, खूप वर्षांनी.

इथली ऊब पाइपातून गावात जाते,
त्यांच्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरपर्यंत.
म्हणजे लोहिरांताचं हे रिकामं बसलेलं कार्डसुद्धा
एक्केचाळीस दिवस, एखाद्या बोटाएवढे का होईना,
कुणाचे तरी मोजे वाळवत होतं.
यादीत त्याला रकाना नाही.
मी शोधला.

तीन बावीस. लोहिरांताला चिठ्ठी लिहिते:
काम थांबवतेय. निकाल जपून ठेवलेत.
मासा लागला का?

मग ती ओळ. एंटर.
पत्ता, नाव, स्थिती,
पत्ता, नाव, स्थिती,
आठ.

कॉफी गार झालेली, तरी एक घोट घेते,
आणि खात्री असावी म्हणून
आणखी एकदा विचारते.

सात.

काइसू झोपली असेल.
तिचं काम मात्र जागंच होतं.